खुणेच्या चिठ्ठ्या

"मग ती प्रार्थना ऐकली तरी कुणाची, बाई?"

शमुवेल त्रिभुवननं हा प्रश्न दारातच विचारला, चपला काढता काढता. सलाम नाही, तब्येतीची चौकशी नाही. एरवी हा माणूस कुणाच्याही घरी गेला की आधी पाच मिनिटं देवाचे आभार मानायचा आणि मगच पाणी मागायचा.

राहेलबाई भांबळ जमिनीवर बसून काळ्या मनुकांचे देठ काढत होत्या. महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चच्या मंडळीत प्रभुभोजन असतं. त्यासाठी लागणारा द्राक्षरस कितीतरी वर्षं त्याच करत आल्या होत्या. मनुका निवडायच्या, धुवायच्या, भिजत घालायच्या, उकळून कुस्करायच्या आणि पांढऱ्या फडक्यातून गाळायच्या. शनिवारचा दिवस त्यातच जायचा.

"कोनती प्रार्थना?" त्यांनी विचारलं.

"एस्तेरबाई वैरागरच्या पोराची."

"पोरगं बरं झालं ना?"

"झालं."

"मंग बस की खाली. उभ्यानं काय इचारतो."

तो बसला. भिंतीला टेकला नाही.

राहेलबाई मिशनच्या जुन्या बायबल-बाई. उभं आयुष्य त्यांनी खेड्यापाड्यांतून पायी फिरून बायकांना येशूच्या गोष्टी सांगण्यात घालवलं. आता गुडघे गेले होते. मिशन कंपाउंडच्या मागच्या अंगाला त्यांना एक खोली दिलेली होती आणि तिथं त्यांचं बरं चाललं होतं. शमुवेल त्यांचा रविवारच्या शाळेतला विद्यार्थी. लहानपणी पाठांतरात पहिला, खोड्यांतही पहिला.

आणि आता? आता तो सुवार्तिक शमुवेल होता. दर शुक्रवारी तो मंडळीत उपवास-प्रार्थना घ्यायचा. आसपासच्या गावांतून लोक टेम्पो भरभरून यायचे. आवाज असा, की मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यालाही वाटावं, हा माझ्याच कानाशी बोलतोय. लोक त्याला ब्रदर म्हणायचे. गुप्त प्रार्थना या विषयावर तर त्यानं सव्वा तास उपदेश केला होता, दोन मोठे स्पीकर लावून.

त्या सभेत एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा फिरायचा. ज्याला जे मागायचं असेल त्यानं ते चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचं. शमुवेल एकेक चिठ्ठी उघडून मोठ्यानं वाचायचा आणि त्या माणसाचं नाव घेऊन प्रार्थना करायचा. नोकरी, लग्न, कोर्टाची तारीख, गुडघेदुखी. लोक हुंदके देत आमेन म्हणायचे.

पण प्रत्येकाचंच दुखणं चारचौघांत वाचण्यासारखं नसतं. म्हणून जुन्या पाळकसाहेबांनी एक रीत घालून दिली होती. ज्याला आपली चिठ्ठी मोठ्यानं वाचायला नको असेल, त्यानं ती घडी करून वरती आपलं नाव लिहायचं आणि पेन्सिलीनं क्रूस काढायचा. ही खुणेची चिठ्ठी. ती सभेत उघडायची नाही. प्रार्थना घेणाऱ्यानं ती घरी न्यायची, एकट्यानं वाचायची आणि एकट्यानंच देवापुढे ठेवायची. कुणाला विचारायचं नाही, कुणाला सांगायचं नाही.

एस्तेरबाईची चिठ्ठी खुणेची होती.

"तीन आठवड्यांपूर्वी टाकली होती तिनं," शमुवेल म्हणाला. "पोरगा तेव्हा काविळीनं दवाखान्यात होता. डॉक्टरांनी आशा सोडली होती. काल ती सभेत साक्ष द्यायला उभी राहिली. म्हणाली, मी जे मागितलं होतं ते देवानं दिलं. ब्रदरला सगळं ठाऊक हाये, म्हणाली. आणि रडायला लागली."

"बरं."

"सगळी मंडळी रडली. तिनं माझ्या अंगावर शाल घातली. हारही आणला होता."

"घालून घेतला?"

"...घेतला."

"बरं."

"रात्री घरी गेलो. जुनी पँट धुवायला टाकायची होती, म्हणून खिसे तपासले. खिशात तिच्या नावाची चिठ्ठी. तशीच. घडीसुद्धा मोडलेली नाही." त्यानं घसा साफ केला. "मी प्रार्थना केलीच नव्हती, बाई. विसरून गेलो होतो. मग ती ऐकली कुणाची?"

राहेलबाईंनी एक मनुका डोळ्यांजवळ धरून पाहिली आणि बाजूला टाकली. किडकी असावी.

"पोष्टमन खिशात पत्र ठेवून झोपला आन् पत्र पोचलं," त्या म्हणाल्या. "ते कसं पोचलं, हे पोष्टमननं इचारू नये. त्यानं हार कशाला घालून घेतला, तेवढं सांगावं."

शमुवेलचे कान लाल झाले. एवढं लागेल असं तो म्हातारीकडून ऐकायला आला नव्हता. खरं सांगायचं तर तो थोडं सांत्वन ऐकायला आला होता.

"चूक झाली. कबूल आहे. कामाच्या गडबडीत एखादी चिठ्ठी राहते."

"एखादी? बाकीच्या खुणेच्या वाचतो ना तू?"

बाहेर कुणीतरी हापशावर पाणी भरत होतं. हापशाचा दांडा करकरत होता.

"नाही," तो म्हणाला.

"किती राहिल्यात?"

"मोजल्या नाहीत."

"हायेत कुठं?"

त्यानं खांद्यावरची पिशवी पुढे ओढली आणि आतून प्लॅस्टिकची एक गच्च भरलेली पिशवी काढली. ती इथं कशासाठी आणली हे त्याला स्वतःलाच सांगता आलं नसतं. निघताना उचलली होती एवढं खरं. बाईंनी रिकामं सूप पुढे सरकवलं. त्यानं पिशवी सुपात उलटी केली. निळ्या रेघांचे कागद, कॅलेंडरचे तुकडे, औषधाच्या खोक्याचे पुठ्ठे. प्रत्येकावर पेन्सिलीचा क्रूस. काही क्रूस पुसट झाले होते.

दोन वर्षांच्या चिठ्ठ्या होत्या त्या. राहेलबाईंनी सुपाकडे पाहिलं आणि बराच वेळ त्यांचा हात मनुकांकडे गेला नाही.

"का रं?" शेवटी त्यांनी विचारलं. आवाज चढवला नव्हता.

"तिथं ऐकायला कुणी नसतं, बाई."

हे तोंडातून गेलं आणि शमुवेल दचकला. हे वाक्य त्यानं तयार केलेलं नव्हतं. एरवी त्याचं प्रत्येक वाक्य अंघोळ करून, केस विंचरून बाहेर पडायचं.

"म्हणजे... देव ऐकतो, ते मला माहीत आहे. मीच लोकांना सांगतो. पण समोर माणसं असली की शब्द धो धो येतात. कुठून येतात कळत नाही. घरी एकटा गुडघे टेकले की पंख्याचा आवाज तेवढा ऐकू येतो. दोन मिनिटांत उठतो. पहिल्या पहिल्यांदा चिठ्ठ्या घेऊन बसायचो. मग म्हटलं, उद्या बसू. मग... राहतच गेलं."

बोलून झाल्यावर त्याला लाज वाटली. अशी लाज त्याला फार वर्षांत वाटली नव्हती. शाळेत असताना याच बाईंच्या पिशवीतले शेंगदाणे चोरताना सापडला होता, त्यानंतर आजच.

राहेलबाई काही बोलल्या नाहीत. त्यांचं हे नेहमीचंच. एकदा शुक्रवारच्या सभेत शमुवेलनंच त्यांना मोठ्या मानानं पुढे बोलावलं होतं, बाई आता आपल्या सगळ्यांना प्रार्थनेत चालवतील म्हणून. बाई माइकपुढे उभ्या राहिल्या, डोळे मिटले, आणि मिटलेलेच राहिले. एक मिनिट झालं, दोन झाली. लोक खोकायला लागले. मग बाईंनी आमेन म्हटलं आणि जागेवर जाऊन बसल्या. इतकी वर्षं बायबल-बाई, पण प्रार्थना येत नाही म्हणून लोक हसले होते. शमुवेलही मनातून हसला होता.

"मी ठरवलंय," तो एकदम ताठ बसत म्हणाला. "उद्या प्रभुभोजनाच्या आधी मी मंडळीपुढे उभा राहणार. सगळं कबूल करणार. काही लपवणार नाही."

"काय म्हनशील?"

"म्हणजे?"

"म्हनून दाखव की. मला जवळून ऐकू येतं."

शमुवेल उभा राहिला. सदरा खाली ओढला. एक क्षण डोळे मिटले.

"माझ्या प्रिय मंडळी," तो म्हणाला, आणि खोलीत एकदम शुक्रवार झाला. "आज तुमच्यासमोर जो उभा आहे, तो सेवक नाही. तो चोर आहे! तुम्ही तुमची आसवं कागदावर लिहून माझ्या हाती दिलीत. आणि मी... मी ती..." इथं त्याचा आवाज बरोबर जिथं दाटायला हवा तिथं दाटला. हापशावरची बाई हंडा कमरेवर घेऊन दारात येऊन उभी राहिली होती. तिनं डोळ्याला पदर लावला.

"जा गं तू, पानी सांडतंय," राहेलबाई तिला म्हणाल्या. ती गेली. मग त्या शमुवेलकडे वळल्या. "झ्याक. पुढं रडशील ना?"

"...येईल रडू."

"मानसं पन रडतील."

"रडतील."

"म्हनतील, आपला ब्रदर किती नम्र. एवढा मोठा मानूस, पर चूक कबूल केली. अजून एक शाल घालतील. पुढच्या शुक्रवारी दोन टेम्पो वाढतील." त्यांनी मनुकांचं ताट मांडीवर ओढलं. "उद्या मला रस वाटायचाय सगळ्यांना. तुझी सभा नको मधी."

शमुवेल मटकन खाली बसला.

"मग करू तरी काय?" तो ओरडलाच. "बोललो तर नाटक, गप्प बसलो तर खोटारडेपणा! उद्या दुपारी एस्तेरबाईच्या घरी उपकारस्तुती आहे, पोरगा वाचला म्हणून. मला बोलावलंय. मी प्रार्थना करायची आहे तिथं. कोणत्या तोंडानं करू?"

आता मात्र त्याचा आवाज खरोखर फाटला, आणि नको त्या जागी फाटला. सांगायचं तर तो फार चांगला वाटला नाही.

बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. आल्यापासून पहिल्यांदाच.

"तिनं काय मागितलं व्हतं?"

"पोराला बरं कर म्हणून. दुसरं काय मागणार?"

"वाचली का?"

त्याचा हात वरच्या खिशाकडे गेला.

"रातीपासून खिशात घेऊन फिरतो, आन् अजून वाचली नाय?"

"हिंमत झाली नाही."

"वाच."

त्यानं वरच्या खिशातून चिठ्ठी काढली. घडी उलगडायला लागला आणि थांबला.

"तुम्हांला वाचून दाखवू?"

"मला नको. माझ्या नावाची हाये का ती?" असं म्हणून राहेलबाई ताटासकट फिरल्या आणि चुलीकडे तोंड करून बसल्या. गुडघ्यांमुळे त्यांना तेवढंही जड गेलं.

चिठ्ठी पोराच्या जुन्या वहीच्या कागदावर होती. अक्षर मोठं, तुटक.

*ब्रदर, माझा पोरगा पिऊन येतो आन् मला मारतो. सहा वरसं झाली. कोनाला सांगितलं नाही. आता तो दवाखान्यात हाये. समद्यांना वाटतं मी त्याच्या जिवासाठी रडते. मी त्याचं मरान मागते. रोज मागते. आई असून मागते. हे मागनं माझ्या मनातून काढा. त्याचं काय करायचं ते देव बघंल.*

शमुवेलनं ते एकदा वाचलं. मग पुन्हा वाचलं.

ब्रदरला सगळं ठाऊक हाये, असं ती काल म्हणाली होती. म्हणताना तिनं त्याच्याकडेच पाहिलं होतं, आणि त्यानं मान तुकवून, डोळे अर्धे मिटून, ठाऊक असल्यासारखं केलं होतं. पोरगा जगला म्हणून ती रडली नव्हतीच. आपलं सगळ्यात वाईट या गावात एका माणसाला माहीत आहे आणि तरी तो आपल्यासाठी गुडघे टेकतो, एवढ्या आधारावर ती बाई तीन आठवडे त्या खाटेशेजारी बसली होती. आणि तिचा कागद खुंटीवरच्या पँटमध्ये होता.

त्याला स्वतःची किळस आली. शाल आठवली, तिचा नवा कोरा वास आठवला.

"मी जातो," तो उठला.

"कुठं?"

"तिच्याकडे. आत्ताच्या आत्ता सांगतो तिला."

"आत्ता तिच्या घरी उद्याच्या जेवनासाठी बाया लसूण सोलत बसल्यात. साऱ्यांच्या देखत बोलवून घेशील तिला?"

तो दारात थांबला.

"सकाळी जा. उपासनेच्या आधी," बाई चुलीकडेच तोंड ठेवून म्हणाल्या. "मागच्या दारानं जा. एकटीला गाठ. सांग, की चिठ्ठी मी वाचली नव्हती, काल वाचली. येवढंच सांग. त्याला झालर लावू नको. मारलं तर मार खा."

"ती मला माफ नाही करणार."

"ते तिचं ती बघंल."

"शुक्रवारी यायची नाही परत."

"नाय आली तर नाय आली."

"लोकांना कळलं तर..." तो म्हणाला आणि स्वतःच गप्प झाला. या वाक्याचा शेवट त्याला ऐकवेना.

राहेलबाई पुन्हा कष्टानं वळल्या. त्यांनी चिठ्ठ्यांचं सूप दोन्ही हातांनी ढकललं. ते शमुवेलच्या पायांना लागलं.

"सकाळला अजून लई वेळ हाये," त्या म्हणाल्या.

तो खाली बसला. वरची चिठ्ठी उचलून उघडली. एका मुलीची होती. तिनं घरच्यांना न सांगता काय केलं होतं ते लिहिलं होतं. त्यानं ती मिटून शेजारी ठेवली. दुसरी उघडली. तिसरी. कोण कुणाला माफ करू शकत नव्हतं. एका धडधाकट, हसऱ्या माणसाला रोज विहीर दिसत होती. हे सगळे लोक त्याला दर शुक्रवारी भेटत होते. त्यांच्या गुडघेदुखीसाठी तो घसा फाडून प्रार्थना करत होता.

चौथी चिठ्ठी उघडून तो तसाच बसला.

"हे दाजी तर गेले, बाई. मागच्या नाताळातच. मीच माती दिली."

बाई देठ काढत होत्या.

"यांनी लिहिलंय..." तो म्हणाला आणि जीभ चावली. खुणेची चिठ्ठी होती. "यांच्यासाठी आता काय मागू? बाई, तुम्ही करा ना प्रार्थना. मी आमेन म्हणतो. तुमची तरी ऐकेल."

"माझ्या हातात दिल्या नव्हत्या त्या."

त्याला राग आला. मग रागही गेला. दाजी टोपी काढून, सभेत अगदी मागे, खांबाला टेकून बसायचे. प्रत्येक शुक्रवारी त्यांना वाटत असेल, आज ब्रदर आपल्याकडे बघतील. एखादी मान हलवतील. कळलं मला, एवढं तरी. ते दीड वर्ष वाट बघत होते.

शमुवेलनं गुडघे टेकले. हात जोडले. डोळे मिटले.

"हे सर्वसमर्थ, परमदयाळू, स्वर्गीय..."

सवयीनं आलं तेवढं. पुढचं येईना. त्यानं पुन्हा सुरुवात केली, ती 'हे'पाशीच थांबली. ओठ नुसते हलले. या खोलीत पंखा नव्हता, त्यामुळे तोही ऐकू येत नव्हता. ताटात एकेक देठ पडत होता, त्याचा आवाज होण्यासारखा नव्हता.

दोन मिनिटं झाली. त्याच्या नेहमीच्या उठायच्या वेळेला तो उठला नाही. दाजी डोळ्यांसमोरून हलत नव्हते. त्यांच्या मागे एस्तेरबाई होती, आणि तो विहीरवाला होता, आणि ती मुलगी होती.

मनुकांचं ताट निवडून संपलं. बाईंनी पातेल्यात पाणी घेतलं.

"बाई," तो म्हणाला. डोळे मिटलेलेच होते. गालांवरून पाणी हनुवटीपर्यंत आलं होतं आणि त्याला ते पुसायचं सुचलं नव्हतं. "बाई, मला एक शब्दसुद्धा येत नाही हो."

राहेलबाईंनी मनुका पाण्यात सोडल्या.

"मंग आत्ताशी सुरू झाली ती. आता थांबू नको."